कटरे सरांची कुंडली

कटरे सरांबद्दल कोणी चांगलं बोलायला लागलं की मी चहा ठेवायला उठते. चहा नको असला तरी उठते. मागच्या महिन्यात इम्रान घरी आला होता. त्याचं मोबाईलचं दुकान आहे, आणि सरांकडे फोटो शिकायला आम्ही दोघं एकाच रविवारी जायला लागलो होतो. तो म्हणाला, "दीदी, सरांना साठ वर्षं होऊन राहिले. आम्ही सगळे मिळून एक छोटी किताब छापून राहिलो. तू दोन पानं लिही. तुझ्यावर त्यांचा भल्ला जीव होता." मी उठले, चहा ठेवला आणि दूध उतू जाईपर्यंत ओट्यापाशीच उभी राहिले.

इम्रानला मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. हे जे लिहायला बसले आहे ते त्याच्या किताबीत चालणार नाही, एवढं मला कळतं. साठीच्या अंकात हार-तुरे लागतात, आणि माझ्याकडे हार नाहीत. पण हा माणूस दोन वर्षं माझ्या डोक्यात ठाण मांडून बसला आहे. त्याला एकदा कागदावर उतरवल्याशिवाय तो तिथून हलणार नाही.

सर म्हणजे आमच्या अर्जुनी मोरगावातले फोटोवाले. बसस्टँडसमोर झेरॉक्सच्या दुकानाला लागून एक अरुंद जिना आहे, वर त्यांचा स्टुडिओ. पासपोर्ट फोटो, लग्नं, बारसं, शाळांचे ग्रुप फोटो. आसपासच्या गावांत भिंतीवर हार घालून टांगलेली जी माणसं आहेत, ती जिवंतपणी बहुतेक सरांच्याच स्टुलावर बसून गेलेली. बुटका, काटकुळा माणूस. डावा डोळा मिटून मिटून कायमचा बारीक झालेला, त्यामुळे ते साधं बघत असले तरी संशयानं बघताहेत असं वाटायचं. शर्टाच्या खिशात जुन्या धोतराचा मऊ फडका. त्यानं ते लेन्स पुसत, चष्मा पुसत, आणि एखादं पोरगं फोटोसाठी नाक गळत आलं तर तेही पुसत. मग तो फडका परत लेन्सला लावायचा नाही म्हणून दुसऱ्या खिशात दुसरा असायचा.

जिभेला हाड नव्हतं. स्टुलावर बसलेल्या कोणालाही पहिलं वाक्य ठरलेलं, "कान दाखवा. सरकारले कान लागते." एकदा निवडणुकीला उभे राहणारे एक पुढारी बॅनरसाठी फोटो काढायला आले, काळा गॉगल लावून, मागे चार पोट्टे घेऊन. सर म्हणाले, "चष्मा काढा." ते म्हणाले, "नाही, असाच काढा, स्टाइल आहे." सरांनी कॅमेरा खाली ठेवला. "मंग एक काम करा भाऊ. चष्मा टेबलावर ठेवून जा. त्याचाच काढून देतो, त्यालेच निवडून द्या." पोट्टे तोंड दाबून हसले. पुढाऱ्यांनी निमूट गॉगल काढला. निवडणूक ते हरले, पण फोटो झकास आला होता.

रविवारी सकाळी सात ते नऊ सर स्टुडिओचं शटर अर्धं उघडून आम्हाला शिकवायचे. आम्ही आठ जण होतो. मी पंचायत समितीत क्लार्क. चुलतभावानं नवा कॅमेरा घेतला म्हणून त्याचा जुना मी घेतला होता. ऑफिसात सगळ्यांनी चिडवून झालं होतं, "काय वैशाली मॅडम, आता आमच्या फायलींचे फोटो काढता का?" घरी आई म्हणाली, "कायले पायजे बापा हे खूळ?" मला स्वतःलाही नीट माहीत नव्हतं. दिवसभर दुसऱ्यांचे अर्ज आवक-जावकमध्ये चढवणाऱ्या बाईला आपलं म्हणून काहीतरी एक हवं होतं, एवढंच.

पहिल्या दिवशी मी चाळीस फोटो घेऊन गेले. जास्वंदी, तलाव, सूर्य, भाचीचे गाल. सरांनी पहिला उघडला.

"हा काऊन काढला?"

"सर, फूल छान दिसत होतं."

"छान दिसत होतं तं पायत बसायचं. फोटो काऊन काढला?"

"पूस," ते म्हणाले. मी कॅमेरा पुढे केला तर हात मागे घेतला. "मी नाई पुसणार. तूच पूस. आपल्या हातानं पुसल्याबिगर अक्कल येत नाई." दुसरा फोटो. काऊन काढला? पूस. तिसरा. पूस. चाळीसपैकी एक उरला, आईचा, वाकून तांदूळ पाखडतानाचा. तो का काढला हे मला सांगता आलं, कारण तिची पाठ तेव्हाच मला पहिल्यांदा म्हातारी दिसली होती. सर पुढच्या रविवारी ये म्हणाले. घरी येताना मी रस्ताभर त्यांना शिव्या घातल्या, आणि पुढच्या रविवारी पावणेसातला जिन्यात जाऊन बसले.

गावात त्यांना 'काऊन सर' म्हणायचे ते यावरून. त्यांनाही ते ठाऊक होतं.

आकडे मात्र काही केल्या आमच्या डोक्यात शिरत नव्हते. शटर, अॅपर्चर, आयएसओ, एक वाढवला की दुसरा कमी. इम्रान तर म्हणायचा की मोबाईल बरा, त्याला काही विचारावं लागत नाही. मग एका सकाळी सर आम्हाला तलावाच्या पाळीवर घेऊन गेले, तुडुमापाशी. तुडुम म्हणजे तलावाचं पाणी बांध्यांत, म्हणजे धानाच्या शेतांत, सोडायचं दार. आमच्यातल्या शेतकऱ्याच्या पोरांनी ते जन्मापासून पाहिलेलं.

"हा तुडुम किती उघडला, ते अॅपर्चर," सर म्हणाले. "किती वेळ उघडा ठेवला, ते शटर. आन तुयी बांधी किती तहानली हाये, ते आयएसओ. पानी जास्त सोडलं तं धान सडते, कमी सोडलं तं सुकते. याच्याहून जास्त कोन्या पुस्तकात लिहिलं असन तं मले आनून दाखवा."

खरं सांगते, त्या दिवसानंतर मला आकड्यांची भीती वाटली नाही. त्यांच्यावर कितीही राग असला तरी हे मी खोडू शकत नाही. असं शिकवणारा माणूस मला आयुष्यात दुसरा भेटला नाही, आणि म्हणूनच माझा जळफळाट होतो.

आता कुंडलीबद्दल. सरांनी गोंदियाहून एक रबरी शिक्का करून आणला होता. आमचा कोणताही फोटो ते छापून घ्यायचे, पाठीमागे तो शिक्का मारायचे, आणि आम्ही रकाने भरायचे. शटर, अॅपर्चर, आयएसओ, लेन्स, अंतर, वेळ, जागा. याला ते फोटोची कुंडली म्हणायचे. कुंडली भरल्याशिवाय फोटोवर बोलणं नाही. आधी ते पुढची बाजू बघत, मग मागची, मग परत पुढची, आणि मग त्या फोटोची चिरफाड.

मेश्राम गुरुजी म्हणून एक रिटायर हेडमास्तर आमच्याबरोबर शिकायचे. त्यांनी एकदा उडत्या बगळ्याचा फोटो आणला. कुंडलीत शटर लिहिला होता, दोन हजार. सरांनी बारीक डोळा आणखी बारीक केला.

"गुरुजी, दोन हजाराचा शटर असता तं पंखाचं एकेक पीस मोजता आलं असतं. इथं तं पंखाचा धूर झाला. हे साठाच्या वर नाई."

गुरुजी ओशाळले. "आठवत नव्हतं हो. अंदाजानं लिहिलं."

"आठवत नाई तं कोरं ठेवा. कोऱ्याची काय लाज? फोटो खराब निघू शकते, गुरुजी. कुंडली खराब नाई निघाली पायजे. खोटी कुंडली देऊन पोरगी उजवली तं पुढं काय होते, ते तुमाले मी सांगू काय?"

आम्ही हसलो, गुरुजीही हसले. पण त्या दिवसापासून आमच्यापैकी कोणी एक आकडा इकडचा तिकडे केला नाही. मी तर ऑफिसच्या रजिस्टरपेक्षा जास्त इमानानं कुंडली भरायची.

सर कौतुक करत नसत. फोटो खरंच चांगला असला तर एकच शब्द, "बसला." बस. आमच्या आठांत तो कोणाला दोनदा मिळाला नव्हता. इम्रानला त्याच्या अब्बांच्या फोटोवर मिळाला, तेव्हा त्यानं झेरॉक्सवाल्याच्या अख्ख्या दुकानाला समोसे खाऊ घातले. मला चौदा महिने मिळाला नाही. "जवळ आली." "हुकली." "घाई केली." "पक्षी पायला, आभार नाई पायलं." आभार म्हणजे आभाळ. मी चिडायची, रडायची, परत जायची. मला पक्ष्यांचे फोटो काढायचे होते आणि माझ्याकडे लांबचं दिसणारी लेन्स नव्हती. हे सरांना मी कधी बोलले नाही. एक दिवस त्यांनीच कपाटातून स्वतःची तीनशे एमएमची लेन्स काढली, रबर उखडलेली, फडक्यात गुंडाळलेली, आणि माझ्या पिशवीत ठेवली. "पावसाच्या पान्यापासून जप. बाकी पडली-झडली तं पाहू." त्यांच्याकडे तशी एकच होती. त्या लेन्ससाठी तरी मी त्यांना देव मानलं असतं.

माझी सुमन मामी इथून बसनं तासाभराच्या गावात राहते. गावाचं नाव लिहीत नाही, आणि का ते पुढे कळेलच. मामा गेल्यापासून शेती तीच बघते. तिच्या बांध्यांना लागून एक बोडी आहे, छोटा तलाव, आणि तिथं दर पावसाळ्यात सारसांची एक जोडी यायची. माणसाएवढे उंच, लाल डोक्याचे ते पक्षी मामीच्या तिसऱ्या बांधीत गवता-पाचोळ्याचं घरटं रचायचे. मामी त्यांना पाव्हणे म्हणायची. रोवणीला बायका आल्या की ती त्यांना दटावायची, घरट्याभोवती दहा-बारा हात धान लावायचं नाही, तिकडं पाय टाकायचा नाही. तेवढं धान दर वर्षी सोडून द्यायची. लोकांनी हसून घेतलं. ती म्हणायची, "माह्या बांधीत येऊन बाळंतीण होते बापा ते. कशी हाकलू?"

त्या वर्षी तिनं मला आपण होऊन सांगितलं, पाव्हणे आले, दोन अंडे हायेत. आणि लगेच माझा हात धरला.

"फोटो काढ, पण दुरून. आन जागा कोनालेच सांगू नको, वैशाली. अंडे उचलून नेनारे हायेत, आन फोटोवाले तं त्याहिच्याहून खराब."

"शब्द देते मामी," मी म्हणाले.

तीन रविवार मी सरांचा क्लास बुडवून मामीकडे गेले. बाभळीखाली धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसायचं, घरट्यापासून अडीचशे फुटांवर, हलायचं नाही. तिसऱ्या रविवारी ऊन नुकतं वर येत होतं, मादी उठली, वाकली, आणि चोचीनं तिनं एक अंडं हळूच उलटवलं. नर बाजूला उभा राहून बघत होता. मी एकच फोटो काढला. पक्षी चौकटीत लहान होते, भोवती नुसतं धान आणि पाणी, पण ते त्यांचं घर होतं हे दिसत होतं.

सरांनी तो खिडकीपाशी नेला. बराच वेळ धरून उभे राहिले. काऊन काढला, असं विचारलं नाही.

"बसला," ते म्हणाले.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, हे सांगायला लाज नाही वाटत. चौदा महिने हो! मग त्यांनी फोटो उलटा केला. शटर पाचशे, अॅपर्चर आठ, आयएसओ चारशे, लेन्स तीनशे, अंतर अडीचशे फूट, वेळ. जागेचा रकाना कोरा होता.

"जागा कोरी काऊन?"

"मामीला शब्द दिला सर. कोणाला सांगायचं नाही."

"कोनाले म्हनजे? माह्यापासून लपवून राहिली?" त्यांचा आवाज खरोखर दुखावला होता, किंवा मला तसा वाटला. "आपल्या कुंडल्या या खनातून बाहेर जाते काय कवा? अर्धी कुंडली मी ठेवत नाई, तुले मालूम हाये."

आणि मी भरली. पेन मागून घेतलं आणि भरली. तीही कशी, सातबाऱ्यावर लिहावं तशी, गाव, बोडी, तुडुमापासून तिसरी बांधी, रस्त्यापासून किती, बाभळीपासून किती, मामीचं नाव. माझ्या क्लार्कच्या सुवाच्य अक्षरात. त्या एका 'बसला'नं माझी अक्कल चरायला गेली होती. सरांनी फोटो खणात ठेवला आणि खणाला किल्ली लावली, हे मी स्वतः पाहिलं.

त्यानंतरच्या गुरुवारी अकराच्या सुमाराला ऑफिसात मामीचा फोन आला.

"तुये लोकं आत्ताच गेले, वैशाली."

"कोणते लोक?"

"तुये सर. दोन गाड्या होत्या, नागपूरचे तिघं-चौघं होते संगं, हे एवढाल्या नळ्यांचे कॅमेरे. तुयं नाव सांगतलं ना त्याहिनं. वैशालीनंच पाठवलं म्हने. मी चहा पाजला. मंग माह्याजवळ इळा मांगला. मले वाटलं, वाट कराले पायजे असन. मी देला."

तो इळा, तो विळा, त्यांनी घरट्याभोवतीचं गवत कापायला नेला होता. गवत मध्ये येतं, फोटोत अंडी नीट दिसत नाहीत म्हणून. माझ्या मामीच्या हातून विळा घेऊन, माझं नाव सांगून.

मी अर्धी रजा टाकून निघाले. पोचले तेव्हा मामी गुडघाभर पाण्यात उभी होती आणि कापलेलं गवत गोळा करून घरट्याभोवती परत खोचत होती. ते उभं राहत नव्हतं, पडत होतं. घरटं चारी बाजूंनी उघडं पडलेलं, वर दोन अंडी, आणि टळटळीत ऊन. दोन्ही सारस लांबच्या धुऱ्यावर उभे राहून ओरडत होते. त्यांचा आवाज मैलभर जातो. संध्याकाळपर्यंत ओरडले, पण परत फिरले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी कावळे आले, आणि मामीनं मला फोन करून एवढंच सांगितलं, "आटोपलं."

मला वाटलं होतं ती मला शिव्या देईल. तिनं दिल्या असत्या तर बरं झालं असतं. पुढची दोन वर्षं जय भीम, जेवली काय, आई कशी हाये, यापलीकडे तिनं मला शेतातलं काहीएक सांगितलं नाही. तिच्या लेखी मी फोटोवाल्यांतलीच एक झाले होते.

सरांचा फोन आला नाही, मीही केला नाही. महिन्यानं क्लासच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फुलांचे गुच्छ पडायला लागले. नागपूरच्या कुठल्याशा स्पर्धेत सरांच्या फोटोला पहिलं बक्षीस. रविवारी सगळ्यांनी यावं, फोटो लावलाय, मोकळेपणानं चिरफाड करावी, गुरूलाही सूट नाही, असं सरांनी लिहिलं होतं. मी गेले. का गेले माहीत नाही. बहुधा, ते मला पाहून काय करतात ते बघायला.

फोटो भिंतीवर चौकटीत होता. सारस उभा, अर्धे पंख उघडलेले, चोच उघडी, पायाशी दोन अंडी लख्ख. खाली कुंडली, सुंदर छापलेली. लेन्स तीनशे. अंतर अडीचशे फूट. 'पक्ष्याला कोणताही त्रास न देता' अशी एक ओळ जास्तीची. वाहवा चालली होती. सर हात बांधून उभे होते, आणि मला पाहून म्हणाले, "वैशाली आली. ते बोलन आता."

"बोलते," मी म्हणाले. "सर, तीनशेच्या लेन्सनं अडीचशे फुटांवरून सारस केवढा दिसतो ते मला माहीत आहे. तुमची लेन्स तर तेव्हा माझ्याकडे होती, ही नागपूरवाल्यांची असेल; पण तशाच तीनशेनं, तेवढ्याच अंतरावरून मी काढलाय. तो बोटाएवढा दिसतो. तुमच्या फोटोत पक्षी चौकटीत मावत नाही, पंखाची टोकं कापली गेलीत. हे साठ फुटांच्या वर नाही. समोर हे गवताचे बुडखे दिसताहेत, ते कापलेले आहेत, तिरपे, विळ्यानं. आणि हा पक्षी पंख पसरून नाचत नाहीये. तो तुम्हाला हाकलतोय. हा काऊन काढला, सर?"

मेश्राम गुरुजींनी चष्मा काढून फोटोकडे पाहिलं, मग परत घातला. सरांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला होता.

"झालं काय तुयं?" ते म्हणाले. "बस खाली."

मी बसले नाही, निघाले. ते माझ्या मागे जिन्यात आले. वरून आवाज येऊ नये म्हणून हळू बोलले.

"पक्षी हाये वैशाली. पुढच्या साली घालन पुन्हा अंडे. एवढं काय घेऊन बसली?"

"मामीचा विळा घेतलात तुम्ही. माझं नाव सांगून."

त्यांनी खिशातून फडका काढला, उगाच हात पुसले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "चाळीस साल लोकाहिचे कान काढले मी. बसला म्हनावं असा माह्या हातून एक नाई निघाला. एकही नाई. आन तू चौदा महिन्यात..."

तुम्हाला वाटेल की हे ऐकून मी विरघळले असेन. माझा उलट तिळपापड झाला. म्हणजे ज्या फोटोसाठी त्यांनी मला लेन्स दिली, ज्याला बसला म्हणाले, त्याच्याच मागची ओळ वाचून ते तिथं गेले. मत्सर होता तर तेव्हाच म्हणायचं होतं, पूस. मी पुसला असता. त्यांनी सांगितलं म्हणून मी एकोणचाळीस पुसले होते, हाही पुसला असता. लेन्स मी पिशवीतून काढून त्यांच्या हातात दिली आणि खाली उतरले. मागे 'वैशाली' अशी हाक आली की नाही, आठवत नाही. रागात कान बंद होतात माझे.

क्लास चालूच राहिला. इम्रान जातो, गुरुजी जातात, नवी पोरं येतात. इम्रान म्हणतो, "दीदी, आदमी से गलती होती है. चाळीस सालात एक गलती." ती गलती त्याच्या मामीच्या बांधीत झाली नव्हती.

पुढच्या साली पाव्हणे आले नाहीत, हे आईकडून कळलं. मामीनं घरट्याची जागा नेहमीसारखी मोकळी सोडली होती, ती मोकळीच राहिली.

यंदा पोळ्याच्या आदल्या दिवशी मामीचा फोन आला. "ये," म्हणाली. "कॅमेरा आनू नको." मी गेले. तिनं मला हाताला धरून नेलं, वेगळ्याच बाजूनं, वेगळ्याच बांधीशी, आणि बोट ओठावर ठेवून दाखवलं. दोघंही होते. मादी बसलेली. आम्ही दोघी धुऱ्यावर उकिडव्या बसून राहिलो, बराच वेळ. उठताना मामी म्हणाली, "तुले नाई दाखवलं तं कोनाले दाखवू?" मला तिथंच हुंदका फुटला. तिनं पदरानं माझं तोंड दाबलं, पक्षी बिचकतील म्हणून.

आणि त्यानंतर पंधरा दिवसांत मला पासपोर्ट फोटो लागला. ऑफिसात नवीन ओळखपत्रं निघत होती, फोटो आजच हवा होता, आणि दुसरा स्टुडिओवाला लग्नाला गेलेला. जिना चढताना ठरवलं होतं, एक शब्द जास्त बोलायचा नाही.

सर म्हातारे झालेत. मला पाहून ते दचकले, मग काहीच न झाल्यासारखं स्टूल पुसलं. भिंतीवर तो फोटो नव्हता. त्या जागी रंगाचा चौकोन तेवढा गडद राहिला होता. मी बसले. त्यांनी केस मागे घ्यायला सांगितलं, दिवा सरकवला, कॅमेऱ्यामागे गेले. डोळा लावला. आणि तिथूनच, तोंड न दाखवता, विचारलं,

"आले काय यंदा?"

बाहेर देवरीची बस लागल्याचा पुकारा होत होता.

"नाही," मी म्हणाले.

"मागच्या सालीबी नाई म्हने."

"नाही."

त्यांनी डोळा काढला. माझ्याकडे बघितलं. पंखाच्या धुरावरून शटरचा आकडा सांगणारा माणूस, माझ्या तोंडावरची थाप त्यांना कळायला हवी होती. मला वाटलं, आता म्हणतील, खोटं बोलून राहिली. त्यांनी तसं म्हटलं नाही. त्यांनी विश्वास ठेवला. बारीक डोळा भरून आला, ओठ हलले, आणि ते म्हणाले, "माह्यानंच तुटले मंग ते. कायमचेच तुटले." आणि फडका शोधायला खिशात हात घातला. या खिशात नव्हता, त्या खिशातही नव्हता. शर्टाच्या बाहीनंच त्यांनी डोळा पुसला.

माझ्या जिभेवर आलं होतं. एकच शब्द होता, आले. तो ऐकून ते त्या रात्री धड झोपले असते. पण मला गुडघाभर पाण्यात उभी असलेली मामी दिसत होती.

"हलू नको," ते कॅमेऱ्यामागून म्हणाले. त्यांचा आवाज बसला होता.

मी हलले नाही.